राजाचा चेहरा : इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डची पदच्युती आणि मृत्यू

सन १४००च्या फेब्रुवारीत उत्तर इंग्लंडमधल्या पाँटफ्रॅक्टच्या किल्ल्यातून एक मृतदेह लंडनच्या दिशेने निघाला. कडाक्याच्या थंडीचे दिवस होते, गाडा मुक्काम करत करत चालला होता आणि मोठ्या मुक्कामांवर एकच उपचार ठरलेला होता. देह झाकलेला असे, परंतु कपाळाच्या खालच्या भागापासून गळ्यापर्यंतचा चेहरा उघडा ठेवलेला असे आणि लोकांना जवळ येऊन तो पाहण्याची मुभा असे. लंडनला सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये हा देह दोन दिवस ठेवण्यात आला आणि ज्याने या मृत माणसाचे राज्य घेतले होते तो चौथा हेन्री स्वतः तेथील प्रार्थनेला हजर राहिला. एवढे सगळे झाल्यावर मात्र तो देह वेस्टमिन्स्टर ॲबीत नेला नाही. मृताने स्वतःसाठी तिथे हयातीतच थडगे करवून घेतले होते, तरीही त्याला लंडनबाहेर किंग्ज लँग्ली येथील डॉमिनिकन मठात, फारसा गाजावाजा न करता पुरण्यात आले.

चेहरा सगळ्यांना दाखवायचा आणि थडगे मात्र कोणाच्या नजरेस पडू द्यायचे नाही, या विसंगतीपासून मला आज सुरुवात करायची आहे, कारण दुसऱ्या रिचर्डच्या पतनाचे मर्म मला तिच्यातच दिसते. राजाला सिंहासनावरून खाली खेचणे ही बळाची गोष्ट आहे आणि १३९९ च्या उन्हाळ्यात ती अवघ्या काही आठवड्यांत उरकली. परंतु ज्याला धर्मविधीने पवित्र तेलाचा अभिषेक झाला आहे त्याचे राजेपण काढून कसे घ्यायचे, याचे उत्तर त्या काळच्या इंग्लंडमधल्या कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते. ते उत्तर घाईघाईने बनवावे लागले आणि त्या घाईच्या खुणा कागदांवर अजून दिसतात.

रिचर्डचा जन्म ६ जानेवारी १३६७ रोजी फ्रान्समधल्या बोर्दो येथे झाला. वडील एडवर्ड हे ‘ब्लॅक प्रिन्स’ या नावाने प्रसिद्ध असलेले युवराज. ते १३७६ मध्ये, बापाच्या आधीच वारले, आणि पुढच्याच वर्षी आजोबा तिसरे एडवर्ड गेल्यावर दहा वर्षांच्या नातवाच्या डोक्यावर मुकुट आला. राज्याभिषेकाचा विधी इतका लांबला की शेवटी मुलाला त्याचे शिक्षक सायमन बर्ली यांनी उचलून नेले आणि त्या गडबडीत त्याच्या पायातला एक जोडा गर्दीत पडून हरवला. पुढे अनेकांनी याला अपशकुन ठरवले. राज्य गेल्यावर अपशकुन सापडतातच.

मला त्या जोड्यापेक्षा चार वर्षांनंतरचा एक प्रसंग महत्त्वाचा वाटतो. जून १३८१ मध्ये डोईपट्टीच्या करामुळे केंट आणि एसेक्समधले शेतकरी बंड करून लंडनवर चालून आले. त्यांनी टॉवर या लंडनच्या किल्ल्यामध्ये शिरून कँटरबरीचा आर्चबिशप सडबरी याला बाहेर ओढून त्याचे मुंडके उडवले. दुसऱ्या दिवशी स्मिथफील्डच्या मैदानात राजाची आणि बंडखोरांची भेट ठरली, बोलाचालीत लंडनच्या मेयरने बंडाचा म्होरक्या वॉट टायलर याच्यावर वार केला आणि हजारो लोक धनुष्ये ताणू लागले. त्या क्षणी चौदा वर्षांचा रिचर्ड घोडा पुढे घालून एकटा त्यांच्यासमोर गेला, मीच तुमचा नायक आहे, माझ्यामागे या, असे म्हणाला, आणि लोक खरोखरच त्याच्या मागून चालू लागले. दिलेली सगळी वचने नंतर मोडली गेली, हा भाग वेगळा. पण आपण नुसते समोर उभे राहिलो, आपला चेहरा दिसला, की माणसे नमतात, हा धडा त्या वयात त्याने घेतला असावा आणि तो अखेरपर्यंत विसरला नाही, असे त्याचे पुढचे वागणे पाहून मला वाटते. त्या दंगलीत टॉवरमध्ये आणखी एक राजघराण्यातला मुलगा अडकला होता आणि एका शिपायाच्या मध्यस्थीने वाचला होता. तो रिचर्डचा चुलतभाऊ, जवळजवळ त्याच्याच वयाचा हेन्री बोलिंगब्रोक, म्हणजेच पुढचा चौथा हेन्री.

रिचर्डच्या तरुणपणी दरबारातल्या त्याच्या मर्जीतल्या माणसांवर मोठ्या सरदारांचा रोष वाढत गेला. १३८६ च्या पार्लमेंटने त्याच्या चान्सलरला, म्हणजे मुख्य मंत्र्याला, काढण्याची मागणी केली तेव्हा, तुमच्या सांगण्यावरून मी माझ्या मुदपाकखान्यातला भांडी घासणारा पोरगाही काढणार नाही, असे उत्तर त्याने पाठवले. यावर त्याचे धाकटे काका ग्लॉस्टरचे ड्यूक आणि एलीचे बिशप टॉमस ॲरंडेल त्याला भेटायला गेले आणि त्यांनी त्याला एका पूर्वजाची आठवण करून दिली. तो पूर्वज म्हणजे रिचर्डचा पणजोबा दुसरा एडवर्ड, ज्याला १३२७ मध्ये सिंहासन सोडायला लावले गेले आणि ज्याचा त्याच वर्षी बर्कली किल्ल्यात कैदेत मृत्यू झाला. रिचर्डला ही धमकी किती लागली असेल हे त्याच्या पुढच्या उद्योगावरून कळते. या पणजोबाला संतपद मिळावे म्हणून त्याने त्याच्या थडग्यापाशी घडलेल्या चमत्कारांची पोथी तयार करवून पोपकडे पाठवली. पदच्युत राजा संत ठरला असता, तर त्याला पदच्युत करणारे आपोआप पापी ठरले असते.

१३८७ च्या अखेरीस पाच सरदारांनी शस्त्र हाती घेतले. ग्लॉस्टर, ॲरंडेलचा अर्ल, वॉरिकचा अर्ल, टॉमस मोब्रे आणि हेन्री बोलिंगब्रोक अशी ती नावे आहेत. रॅडकॉट पुलाजवळ राजाच्या बाजूची फौज उधळली गेली आणि १३८८ च्या पार्लमेंटने राजाच्या माणसांना एकामागून एक फाशी दिले. इतिहासात त्याला ‘निर्दय पार्लमेंट’ म्हणतात. ज्या सायमन बर्लीने राज्याभिषेकाच्या दिवशी लहान रिचर्डला उचलून नेले होते त्याच्या प्राणांसाठी राणी ॲनने गुडघे टेकून विनवणी केली, तरी त्याचे डोके उडवले गेले. रिचर्डने यानंतर नऊ वर्षे वाट पाहिली. मधल्या काळात त्याने राज्य बऱ्यापैकी चालवले, आयर्लंडमध्ये मोहीम केली, फ्रान्सशी अठ्ठावीस वर्षांचा तह केला, आणि त्या तहासाठी, पहिली राणी वारल्यानंतर, फ्रान्सच्या राजाच्या सहा-सात वर्षांच्या मुलीशी लग्नही केले. परंतु त्याने काही विसरले नव्हते. ॲनच्या अंत्यविधीला ॲरंडेलचा अर्ल उशिरा आला तेव्हा राजाने एका सेवकाच्या हातातला दंड हिसकावून त्याला रक्त येईपर्यंत मारले, तेही ॲबीच्या आत.

या काळातला रिचर्ड कसा दिसत होता हे आपल्याला माहीत आहे, आणि एखाद्या मध्ययुगीन इंग्लिश राजाबद्दल असे म्हणता येणे दुर्मीळ आहे. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे एक मोठे चित्र आजही आहे. इंग्लंडच्या राजाचे त्याच्या हयातीत रंगवलेले असे हे आपल्याला ज्ञात असलेले पहिले चित्र मानले जाते. राजा समोरासमोर, थेट पाहणाऱ्याकडे बघत बसला आहे, हाती राजदंड आणि राजसत्तेचे चिन्ह असलेला गोळा, चेहरा गोरा, कोवळा, जवळजवळ भावशून्य. एका बखरकाराने लिहून ठेवले आहे की सणाच्या दिवशी तो जेवणानंतर संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत उंच आसनावर एक शब्दही न बोलता बसून राही आणि ज्याच्यावर नजर पडेल त्याने गुडघा टेकायचा असा दंडक होता. हे वर्णन वाचून बऱ्याच इतिहासकारांनी त्याला अहंमन्य, काहींनी तर मनोरुग्ण ठरवले. मला तसे वाटत नाही. स्मिथफील्डला ज्या शस्त्राने जीव वाचला तेच शस्त्र तो परजत बसला होता, इतकेच मी म्हणेन. त्याची चूक दुसरीकडे झाली.

१३९७ च्या जुलैमध्ये त्याने सूड घेतला. ग्लॉस्टरला पकडायला राजा स्वतः त्याच्या वाड्यावर गेला आणि काकांना कॅलेला नेऊन तिथे मारण्यात आले. ॲरंडेलच्या अर्लाला सप्टेंबरमध्ये टॉवर हिलवर शिरच्छेद, वॉरिकला आयल ऑफ मॅनवर हद्दपारी आणि अर्लाचा भाऊ टॉमस ॲरंडेल, जो आता कँटरबरीचा आर्चबिशप झाला होता, त्यालाही देशाबाहेर. पार्लमेंट त्या वेळी उघड्या बाजूंच्या तात्पुरत्या मांडवात भरली होती, कारण वेस्टमिन्स्टर हॉलचे छप्पर नव्याने घालण्याचे राजाचेच काम चालू होते, आणि त्या मांडवाभोवती चेशायरचे तिरंदाज पांढऱ्या हरणाचे, म्हणजे राजाच्या चिन्हाचे, बिल्ले लावून उभे होते. यानंतर सतरा परगण्यांकडून राजाची मर्जी परत मिळवण्यासाठी म्हणून मोठ्या रकमा वसूल झाल्या आणि लोकांकडून कोऱ्या सनदांवर शिक्के घेतले गेले. कोऱ्या कागदावर शिक्का मारून देणाऱ्याला रात्री झोप कशी लागेल याची कल्पना आपण करू शकतो.

पाचांपैकी उरले दोन, मोब्रे आणि बोलिंगब्रोक. राजा आता आपल्यावर उलटणार, असे मोब्रे आपल्याला घोड्यावरून जाताना म्हणाला, अशी तक्रार बोलिंगब्रोकने केली आणि मोब्रेने ती नाकारली. साक्षीदार कोणी नव्हता, तेव्हा द्वंद्व ठरले. १६ सप्टेंबर १३९८ रोजी कॉव्हेंट्रीला दोघे चिलखते घालून, भाले सरसावून उभे राहिले आणि राजाने दंड खाली टाकून द्वंद्व थांबवले. मोब्रेला जन्माची हद्दपारी आणि बोलिंगब्रोकला दहा वर्षांची. बोलिंगब्रोक पॅरिसला गेला, मोब्रे पुढच्या वर्षी व्हेनिसला वारला.

येथपर्यंत रिचर्डला कोणी हरवू शकले नसते असे माझे मत आहे. त्याचा पाडाव एका विशिष्ट निर्णयाने झाला आणि त्याची तारीख आहे १८ मार्च १३९९. त्याआधी दीड महिना, ३ फेब्रुवारीला, बोलिंगब्रोकचे वडील आणि राजाचे थोरले हयात काका, लँकेस्टरचे ड्यूक जॉन ऑफ गाँट लेस्टरला वारले. लँकेस्टरची जहागीर ही राजाच्या खालोखाल इंग्लंडमधली सर्वांत मोठी जहागीर होती. हद्दपार मुलाला आपल्या मुखत्यारांमार्फत वारसा घेता येईल, अशी सनद राजानेच दिलेली होती. १८ मार्चला त्याने ती रद्द केली, जमीन जप्त केली आणि हद्दपारी जन्माची केली. राजकारण म्हणून यात काही तर्क नव्हता असे नाही, कारण शत्रूच्या हातात इतकी मोठी सत्ता कोण देईल? परंतु प्रत्येक जहागीरदाराच्या घरात वडिलांची जमीन मुलाकडे जाते या एकाच नियमावर सगळे उभे होते, आणि रिचर्डचा मुकुटही आजोबांकडून नातवाकडे त्याच नियमाने आला होता. तो नियम राजाने उघडपणे मोडला आणि ज्यांना बोलिंगब्रोकबद्दल काडीचे प्रेम नव्हते अशा माणसांनाही आपल्या मुलांची काळजी लागली.

आणि त्यानंतर, मे महिन्याच्या अखेरीस, रिचर्ड आयर्लंडच्या दुसऱ्या मोहिमेवर निघून गेला. बरोबर विश्वासू सरदार, खजिन्यातला मौल्यवान ऐवज आणि ओलीस म्हणून बोलिंगब्रोकचा मुलगा, पुढचा पाचवा हेन्री, यालाही नेले. मागे राज्याचा रक्षक म्हणून ठेवले ते यॉर्कचे ड्यूक एडमंड, हे तिसरे काका, स्वभावाने मवाळ. जुलैच्या सुरुवातीला बोलिंगब्रोक मूठभर माणसांनिशी यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर रेव्हनस्पर येथे उतरला. हे गाव पुढे समुद्राने गिळले. उत्तरेचा बलाढ्य अर्ल ऑफ नॉर्थम्बरलँड, पर्सी घराण्याचा प्रमुख, त्याला येऊन मिळाला. मी फक्त माझ्या वडिलांची जहागीर घ्यायला आलो आहे, असे बोलिंगब्रोक सर्वांना शपथेवर सांगत होता. त्याला स्वतःला ते तेव्हा खरे वाटत असेल का, हा प्रश्न मला नेहमी पडतो, पण सैन्य जमत गेले तसतशी मागणीही वाढत गेली हे मात्र दिसते. जुलैच्या शेवटी यॉर्कचे काका बर्कलीला त्याला शरण गेले. हा तोच किल्ला जिथे पणजोबा मेला होता. दोन दिवसांनी ब्रिस्टलला राजाचे तीन निकटचे सल्लागार पकडून त्यांची डोकी उडवण्यात आली.

रिचर्डला बातमी कळायला आणि जहाजे जमवायला वेळ लागला. तो जुलैच्या अखेरीस वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला मिलफर्ड हेवनजवळ उतरला. त्याने अर्ल ऑफ सॉल्सबरीला पुढे उत्तर वेल्सला पाठवले होते आणि तिथे बरेच सैन्य जमलेही होते. पण दिवसामागून दिवस राजा दिसेना, तसे राजा मेला अशी आवई उठली आणि माणसे पांगली. ज्याच्या दर्शनाने लोक नमतात तो त्या दोन आठवड्यांत कोणाच्याही दृष्टीस पडला नाही. इकडे रिचर्डने आपली उरलेली फौज मध्यरात्री कारमार्दनजवळ सोडली आणि पंधराएक सोबत्यांसह साधूच्या वेशात घोड्यावरून उत्तर वेल्समधल्या कॉनवीकडे निघाला. सकाळी राजा नाही हे कळल्यावर त्याच्या घरच्या कारभाऱ्याने सर्वांदेखत आपला पांढरा अधिकारदंड मोडला. याचा अर्थ राजाचे घर संपले, ज्याने त्याने आपापली वाट धरावी.

यापुढच्या घटना एका प्रत्यक्षदर्शीने लिहिल्या आहेत. ज्याँ क्रेतों नावाचा फ्रेंच माणूस हौसेने मोहिमेबरोबर आला होता आणि कॉनवीला सॉल्सबरीच्या तुकडीत होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे नॉर्थम्बरलँड कॉनवीच्या किल्ल्यात आला आणि त्याने ख्रिस्तप्रसादावर हात ठेवून शपथ घेतली की बोलिंगब्रोकला केवळ आपला वारसा हवा आहे, राजाच्या मुकुटाला धक्का लागणार नाही. रिचर्डने त्याच्यावर विश्वास ठेवला, निदान तसे दाखवले. पुढच्या वाटेवर डोंगराच्या आड नॉर्थम्बरलँडची माणसे दबा धरून होती. आता हेच प्रकरण सरकारी कागदपत्रांत कसे आले आहे ते पाहा. तिथे दबाही नाही आणि शपथही नाही. राजा कॉनवीला पूर्ण स्वतंत्र असताना त्याने आपली असमर्थता ओळखून, आपण होऊन राज्यत्याग करण्याचे वचन दिले, एवढेच तिथे लिहिले आहे. एका घटनेची दोन इतकी विरुद्ध वर्णने समोर असली की इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावे, यातले कोणते वर्णन कोणाला उपयोगाचे होते? कैदेत दिलेला राजीनामा धर्मशास्त्राप्रमाणे निरर्थक ठरतो, म्हणून राजा ‘स्वतंत्र’ असण्याची गरज सरकारला होती. क्रेतोंला तशी गरज नव्हती, जरी तो रिचर्डच्या बाजूचा होता हे विसरून चालणार नाही.

पकडून नेल्यावर फ्लिंटच्या किल्ल्याच्या तटावरून रिचर्डने समुद्रकिनाऱ्याने येणारी बोलिंगब्रोकची प्रचंड फौज पाहिली. खाली अंगणात दोघे भावंडे भेटली. बोलिंगब्रोक टोपी हातात घेऊन दोनदा वाकला आणि म्हणाला, आपण बोलावण्याआधीच मी आलो, कारण आपण बावीस वर्षे प्रजेवर कठोरपणे राज्य केलेत अशी लोकांची तक्रार आहे. देवाची इच्छा असेल तर मी ते अधिक चांगले चालवायला आपल्याला मदत करीन. रिचर्ड म्हणाला, बंधो, तुला ते आवडत असेल तर आम्हालाही आवडेल. मग त्याला एका मरतुकड्या घोड्यावर बसवण्यात आले. राजाच्या लाडक्या शिकारी कुत्र्याने त्याला सोडून बोलिंगब्रोकच्या अंगावर पंजे ठेवले, अशी कथा दोन वेगवेगळ्या लेखकांनी दिली आहे. ती खरी असो वा नसो, सरदार मंडळींच्या वर्तनाचे वर्णन म्हणून ती पुरेशी अचूक आहे. वाटेत लिचफील्डला रिचर्डने खिडकीतून उतरून पळण्याचा प्रयत्न केला, तो फसला आणि त्यानंतर पहारा कडक झाला.

सप्टेंबरमध्ये तो टॉवरमध्ये होता. ॲडम ऑफ उस्क हा कायदेपंडित, जो राजाला कोणत्या आधारावर काढता येईल हे शोधणाऱ्या समितीतच होता, एके दिवशी त्याच्या जेवणाच्या वेळी तिथे गेला. हा किती विचित्र आणि चंचल देश आहे, याने किती राजे घालवले, मारले, धुळीला मिळवले, असे रिचर्ड बोलत होता आणि त्या राजांच्या कहाण्या एकामागून एक सांगत होता. नेहमीचे सेवक जाऊन पाळतीसाठी नेमलेली परकी माणसे भोवती होती. उस्कने लिहिले आहे की तो मनातून हलून परत आला. समितीचे काम मात्र त्याने थांबवले नाही.

अडचणी खरोखर मोठ्या होत्या. दुसऱ्या एडवर्डच्या वेळी निदान त्याचा मुलगाच गादीवर बसला होता. रिचर्डला मूल नव्हते, आणि रक्ताच्या नात्याने मोजायचे तर गाँटच्या थोरल्या भावाच्या मुलीकडून आलेला सात वर्षांचा एडमंड मॉर्टिमर आधी येत होता. पार्लमेंट रिचर्डच्याच नावाने ३० सप्टेंबरला बोलावली होती, पण त्याने आदल्या दिवशी पदत्याग केला असेल तर ती त्याच क्षणी विसर्जित झाली असे कायदा म्हणत होता. त्यामुळे त्या दिवशी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये जे जमले ते पार्लमेंट होते की नुसता जमाव होता, यावर अजून वाद चालतो. वर ओकच्या लाकडाचे ते नवे छप्पर होते, जे रिचर्डनेच करवून घेतले होते आणि जे आजही आहे. समोर सोनेरी वस्त्राने झाकलेले, पण रिकामे सिंहासन होते.

राजाने २९ तारखेला टॉवरमध्ये ‘प्रसन्न मुखाने’ राज्यत्यागाचा कागद वाचून सही केली, असे अधिकृत अहवाल सांगतो. त्या प्रसन्न मुखावर माझा विश्वास बसत नाही. एका मठाच्या बखरीत तर असे आहे की त्याने मुकुट जमिनीवर ठेवला आणि आपला हक्क देवाला अर्पण केला, म्हणजे बोलिंगब्रोकच्या हाती दिलाच नाही. राज्यत्याग पुरेसा वाटला नाही म्हणून वर तेहतीस आरोपही वाचले गेले. त्यांत ग्लॉस्टरचा खून होता, लँकेस्टरचा वारसा होता, आणि एक आरोप असा होता की कायदे आपल्या मुखात किंवा आपल्या हृदयात आहेत असे राजा म्हणत असे. त्याला उत्तर देण्यासाठी रिचर्डला सभेत आणले नाही. माझ्या मते हे अजिबात आकस्मिक नव्हते. त्याला त्या सभेसमोर उभे करण्याची जोखीम कोणी घ्यायला तयार नव्हते.

मग बोलिंगब्रोक उठला आणि त्याने लॅटिन किंवा फ्रेंच सोडून इंग्रजीत दावा मांडला. त्यात तिसऱ्या हेन्रीपासूनचे रक्त होते, देवाची कृपा होती, मित्रांची मदत होती आणि वाईट कारभारामुळे राज्य बुडायला आले होते हेही होते. एक कारण भक्कम असते तर चार लागली नसती. परत आलेल्या आर्चबिशप ॲरंडेलने प्रवचनाला वचन निवडले ते ‘पुरुष प्रजेवर राज्य करील’ असे. आजवर पोराचे राज्य होते, आता पुरुषाचे येईल, असा त्याचा रोख. पोर बत्तीस वर्षांचे होते आणि पुरुषही जवळपास तेवढ्याच वयाचा. दुसऱ्या दिवशी न्यायाधीश विल्यम थर्निंगने टॉवरमध्ये जाऊन रिचर्डला निर्णय कळवला. एका बखरीनुसार रिचर्डने त्याला बजावले की अभिषेकाने आत्म्यावर उमटलेले जे चिन्ह आहे त्याचा त्याग आपण केलेला नाही आणि तो करताही येणार नाही.

१३ ऑक्टोबरला, म्हणजे रिचर्डचा आराध्य संत एडवर्ड द कन्फेसर याच्या सणाच्या दिवशी, हेन्रीचा राज्याभिषेक झाला. त्याच महिन्यात सरदारांनी एकमताने ठरवले की माजी राजाला जन्मभर गुप्त ठिकाणी कैदेत ठेवावे, जिथे त्याच्या जुन्या माणसांपैकी कोणी त्याला भेटू शकणार नाही. वेश बदलून त्याला टॉवरमधून नेण्यात आले आणि अखेर पाँटफ्रॅक्टला पोहोचवण्यात आले. जानेवारी १४०० मध्ये त्याच्या बाजूच्या सरदारांनी विंडसरला हेन्रीला पकडण्याचा कट केला. तो फुटला, आणि कटवाल्यांपैकी दोघांना सायरेन्सेस्टरच्या गावकऱ्यांनीच ठार मारले. या कटाने रिचर्डचे भवितव्य ठरवले. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातल्या राजमंडळाच्या एका टिपणात असे आहे की रिचर्ड जिवंत असेल तर त्याला सुरक्षित ठेवावे आणि मेला असेल तर लोकांना उघड दाखवावे. हे ‘असेल तर’ वाचताना अंगावर काटा येतो. त्याच महिन्याच्या मध्याला देह लंडनला आणण्याचा खर्च खजिन्यातून दिला गेल्याची नोंद आहे.

तो उपाशी मेला यावर बहुतेक लेखक सहमत आहेत. कट फसल्याचे कळून त्याने दुःखाने अन्न सोडले असे हेन्रीच्या बाजूचे म्हणत, आणि त्याला अन्न दिले गेले नाही असे विरोधक म्हणत. फ्रान्समध्ये तिसरी कथा पसरली की एक सरदार सात मारेकऱ्यांसह कोठडीत शिरला आणि रिचर्ड कुऱ्हाड हिसकावून लढत मेला. ती नाट्यमय आहे आणि म्हणूनच टिकली.

चेहरा दाखवून प्रश्न मिटला का? मुळीच नाही. स्कॉटलंडच्या दरबारात रिचर्ड म्हणवणारा एक माणूस अनेक वर्षे पोसला गेला. पानिपतानंतरच्या भाऊसाहेबांच्या तोतयाचे प्रकरण आपल्याकडे कोणाला सांगायला नको. राजकीय गरज असली की ओळख पटायला वेळ लागत नाही. १४०२ मध्ये रिचर्ड जिवंत आहे असे बोलल्याबद्दल लेस्टरचे फ्रान्सिस्कन साधू पकडले गेले. त्यांतल्या रॉजर फ्रिस्बी या वृद्ध साधूची उलटतपासणी हेन्रीने स्वतः केली. रिचर्ड जिवंत आहे असे मी म्हणत नाही, पण असेल तर तोच खरा राजा, असे साधू म्हणाला. त्याने राज्यत्याग केला, हेन्री म्हणाला. कैदेत केला, म्हणून तो व्यर्थ, साधू म्हणाला. मला निवडले गेले, हेन्री म्हणाला. खरा मालक जिवंत असताना निवड होत नाही. आणि तो मेला असेल तर तुमच्यामुळे मेला, आणि तुमच्यामुळे मेला असेल तर तुमचा हक्क गेला. हेन्रीजवळ याला उत्तर नव्हते. तुझे डोके जाईल, एवढेच तो म्हणाला, आणि त्या साधूंना मृत्युदंड झाला. पुढच्या वर्षी पर्सी घराणे हेन्रीवर उलटले तेव्हा त्यांनीही रिचर्डला उपाशी मारल्याचा आरोप केला. यात तो नॉर्थम्बरलँडही होता ज्याने कॉनवीला ख्रिस्तप्रसादावर शपथ घेतली होती.

१४१३ मध्ये चौथा हेन्री वारल्यावर त्याच्या मुलाने पहिल्याच वर्षी रिचर्डचा देह किंग्ज लँग्लीहून मोठ्या इतमामाने वेस्टमिन्स्टरला आणला आणि ॲनच्या शेजारी ठेवला. लहानपणी रिचर्डने आयर्लंडला नेलेला आणि तिथे स्वतःच्या हाताने सरदारकी दिलेला हाच तो मुलगा. स्कॉटलंडमधला तोतया १४१९ मध्ये स्टर्लिंगला मेला. ॲबीतल्या थडग्यावर मुलामा दिलेल्या धातूच्या दोन मूर्ती आहेत. त्यांचा करार रिचर्डने १३९५ मध्ये केला होता आणि राजा-राणीने एकमेकांचे हात हातात धरलेले असावेत अशी अट घातली होती. ते हात आता तुटून गेले आहेत. कडेने लॅटिनमध्ये लिहिले आहे की राजाचे अधिकार जो मोडेल त्याला याने धुळीला मिळवले.

थडग्याला पडलेल्या भोकांतून लोक शतकानुशतके हात घालून हाडे काढत असत. १७६६ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या एका शाळकरी मुलाने राजाचे जबड्याचे हाड काढून नेले, आणि ते त्याच्या वंशजांकडून १९०६ मध्ये परत येऊन थडग्यात ठेवले गेले. त्याआधी १८७१ मध्ये थडगे उघडून तपासणी झाली होती. कवटीवर कुऱ्हाडीच्या घावाची एकही खूण सापडली नाही, त्यामुळे कोठडीतल्या लढाईची कथा निकालात निघाली. उपासमारीच्या बाजूने किंवा विरुद्ध मात्र त्या हाडांवरून काही सांगता आले नाही.